कवठ्याचा पोपट पवार

“नाव सांगा की, पाव्हणं. का मुक्यानंच औषध न्यायचंय?”

शिरूरच्या मेढेकर डॉक्टरांचा कंपाउंडर तात्याबा दुसऱ्यांदा विचारत होता. बाकड्यावर बसलेल्या माणसानं आधी दाराकडं बघितलं, मग तात्याबाच्या हातातल्या कागदाकडं, आणि मग खाली मान घालून तो म्हणाला, “पोपट.”

“निस्ता पोपट? आडनाव हाय का न्हाई?”

“पोपट दगडोबा... पवार.”

“गाव?”

दवाखान्याच्या दारातनं एस.टी. स्टँड दिसत होता. एका लाल गाडीवर पाटी होती, कवठे येमाई.

“कवठं. येमाईचं.”

“धंदा?”

“शेती.”

चार प्रश्न आणि चार थापा. गड्याचं नाव पोपटही नव्हतं आणि आडनाव पवारही नव्हतं. कवठं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि शेती म्हणाल तर वीतभर जमीन नावावर नव्हती. त्याचं नाव म्हाळू. मूळचा दौंड तालुक्यातल्या राहूचा, नोकरीनं रेल्वेचा. पाटसच्या अलीकडं लायनीच्या कडेला गँगचाळ होती, तिथं तो बायकोसह राहायचा. हुद्दा की-मन. म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि हातात लाल-हिरवी निशाणं घेऊन चार मैल जायचं, चार मैल यायचं, रुळाला धरून ठेवणारी एकेक चावी बघायची, ढिली असली की ठोकून बसवायची. चौदा वर्षं गँगमध्ये खडी ओढली तेव्हा कुठं हा हातोडा हातात आला होता.

आणि नेमका पाय बिघडला. उजव्या पायाला, घोट्याच्या आतल्या अंगाला, लिंबाएवढी गाठ. दोन वर्षांपूर्वी तिथं बाभळीचा काटा मोडला होता, त्याचं हे झालं. दुखत फारसं नव्हतं, पण पाणी गळायचं आणि बूट चढेना. रेल्वेचा दवाखाना दौंडात होता, फुकट होता. पण तिथं गेलं की डॉक्टर कागदावर ‘अनफिट’ लिहिणार, आणि हातोडा दुसऱ्याच्या खांद्यावर जाणार, हे म्हाळूच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून तो दोन गाड्या बदलून, मेव्हण्याचं धोतर नेसून, जिथं काळं कुत्रंही आपल्याला ओळखत नाही अशा शिरूरला आला होता.

संशय हा म्हाळूचा जन्माचा सोबती. कुणी चहा पाजला तर हा आधी विचार करणार, ह्याचं माझ्याकडं काय अडलंय? बायको भागुबाई म्हणायची, “मला बघाया आल्ते तवा बी माजं दात खरं हायेत का ते वाकून बगत व्हते.” पण उगाच कुणाला नावं ठेवू नयेत. चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपात पोलिसांनी चाळीतनं सहा जण उचलले होते. घरं कुणाची, नावं कुणाची, सगळं त्यांना पाठ होतं. म्हाळू सात महिने कामावरनं बाहेर होता. नावं कुणी दिली ते कळलं नाही कधीच. पण गँगचा मुकादम हौसराव तेवढा उचलला गेला नव्हता. त्या दिवसापासून हौसराव समोर आला की म्हाळू तोंड मिटून घ्यायचा.

“या पवार,” आतनं डॉक्टर म्हणाले.

म्हाळू बसूनच राहिला. तात्याबानं दंडाला धरून हलवलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, पवार म्हणजे आपणच.

आत टेबल होतं, त्यावर रबरी कापड. मेढेकर डॉक्टर पन्नाशीचे, जाड भिंगांचे. ते बुटक्या स्टुलावर बसले आणि त्यांनी म्हाळूचा पाय सरळ उचलून आपल्या मांडीवर घेतला.

म्हाळूनं पाय मागं ओढला. “अवं, मांडीवर कशापायी?”

“मग काय डोक्यावर घेऊ? ठेवा.”

राहूला न्हावी सगळ्या गावाची कुरूपं काढायचा, पण म्हाळूच्या बापाचं कुरूप बापानं स्वतःच चाकूनं कापलं होतं. न्हाव्याचे हात त्यांच्या वस्तीपर्यंत कधी पोचले नाहीत. पुढं सगळ्या वस्तीनं बाबासाहेबांच्या मागनं धम्म घेतला, म्हाळू रेल्वेत लागला, साहेबासमोर मान वर करून बोलायला शिकला. पण पाय कुणाच्या मांडीवर ठेवायची वेळ आली नव्हती. ‘पवाराचा पाय मांडीवर घेतलाय,’ म्हाळू मनात म्हणाला, ‘माजा न्हवं.’ आणि त्याला आपल्या हुशारीचं बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

डॉक्टरांनी सुई भरली.

“ही कशाची?”

“जागा बधिर करायची. कापताना दुखायला नको.”

“निस्ता पायच बधिर व्हतो ना? वरचं कायबी...”

डॉक्टरांच्या लक्षात आलं. शहात्तर साल होतं. आणीबाणी होती, नसबंदीच्या गाड्या गावोगाव फिरत होत्या, आणि हायड्रोसीलच्या ऑपरेशनला गेलेला माणूस काय होऊन आला ह्याच्या गोष्टी प्रत्येक पारावर चालल्या होत्या.

“पवार, घोट्यात दिलेली सुई घोट्यातच राहते,” ते हसत म्हणाले. “तुमचा ऐवज शाबूत राहील.”

तरी म्हाळूनं दोन्ही हातांनी धोतराची गाठ गच्च धरली आणि कापणं संपेपर्यंत सोडली नाही. तात्याबा तोंड फिरवून हसला.

गाठ कापली, तशी डॉक्टरांची चेष्टा थांबली. आतनं पू आला आणि पुवात बारीक पिवळट दाणे, खसखशीसारखे. त्यांनी ते कापसावर घेतले, उजेडाला धरले. मग पायाचा तळवा उलटा करून बघितला, अंगठ्यानं दाबला.

“पवार, शेतकऱ्याच्या टाचेला भेगा असतात. तुमच्या तळव्याला खडीचे घट्टे आहेत. रुळावर चालता का?”

“दुस्काळात खडी फोडली, सायेब. त्याचं हाय ते.”

“बरं,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही हे म्हाळूला कळलं, आणि म्हाळूला ते कळलंय हे डॉक्टरांनाही कळलं. त्यांनी टाके घातले. गाठीचा एक तुकडा बाटलीत टाकून वर बूच बसवलं.

“ते कशाला ठिवलं?”

“पुण्याला तपासायला. नुसतं कापून हे जायचं नाही. कशानं झालंय ते कळलं पाहिजे.”

“कुनाच्या नावानं धाडनार?”

“तुमच्याच. दुसऱ्या कुणाच्या धाडू?”

जाऊ दे, पोपट पवाराचं मांस पुण्याला जातंय तर जाऊ दे. म्हाळूनं सुस्कारा सोडला.

“आठ दिवसांनी टाके काढायला यायचं. पंधरा दिवसांत पुण्याचा कागद येईल, तो बघून औषध ठरवू. तोवर नाहीसे व्हायचं नाही. येणार ना?”

“येनार की.”

एवढं आवर्जून कशाला सांगावं? गाडीत बसल्यावर म्हाळूला तोच शब्द टोचत राहिला. नाहीसे व्हायचं नाही. म्हणजे ह्याला संशय आलाय. म्हणजे हा चौकशी करणार. वाटेतलं न्हावरं गाव यायच्या आत म्हाळूचं ठरलं, शिरूरला पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

टाके भागुबाईनं चुलीपुढं बसून ब्लेडनं काढले. “असं चोरावानी कशापायी, अवं? माणसानं मांडीवर पाय घेतला तुमचा.”

“तेच तर. आसं कोन घेतं?”

“चांगला मानूस आसंल.”

“आसंल,” म्हाळू म्हणाला. त्याच्या तोंडातला ‘असेल’ म्हणजे ‘नसेल’च असायचा.

जखम भरून आली. बूट चढला. पुन्हा हातोडा, पुन्हा चार मैल. म्हाळूला वाटलं, जिंकलो.

महिनाभरानं एका रविवारी दुपारी गँगचाळीपुढं एक सायकल थांबली. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बगलेत डायरी. म्हाळू रुळांखाली घालायच्या लाकडी स्लीपरांच्या थप्पीच्या सावलीला बसला होता. त्यानं माणूस ओळखला. तात्याबा! शिरूरचा कंपाउंडर इथं, लायनीवर! म्हाळू वाकून थप्पीच्या मागं सरकला आणि खडीवर उकिडवा बसला.

हौसराव मुकादम हवेला बाहेर बाज टाकून पडला होता. तो उठून बसला.

“राम राम. हितं कुनी पोपट पवार म्हणून हाय का?” तात्याबानं विचारलं.

“न्हाई.”

“नाव दुसरं बी आसंल. उजव्या पायाला, घोट्यापशी गाठ कापल्याली. काळासावळा, उंचापुरा. लायनीवर चालनारा मानूस हाय.”

थप्पीमागं म्हाळूनं डोळे मिटले. झालं. संपलं. हौसराव म्हाळूचं लंगडणं बघत होता गेले सहा महिने, त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? आता बोटानं दाखवील, मागं बसलाय बघा.

“काम काय हाय त्याच्याकडं?” हौसरावनं विचारलं.

“त्याचा कागद आलाय पुण्यावरनं. त्याला निस्तं दवाखान्यात घिऊन यायचंय.”

“कसला कागद?”

“ते त्यालाच सांगायचं. दुसऱ्याला सांगायची मनाई हाय डाक्टरांची.”

आता बघा, तात्याबानं काय वाईट केलं? डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, रोगाचं नाव कुणापुढं काढू नको. पायाला भोकं पडणारा रोग म्हटलं की लोक महारोग समजतात आणि माणसाला चाळीतनं उठवतात. तात्याबा इमानानं तोंड बंद ठेवून होता. सासुरवाडी केडगावला म्हणून आला होता, आणि केडगावपासनं एकेक गँग विचारत ऊन खात इथवर आला होता. पण ऐकणाऱ्याच्या कानाला ते कसं लागलं? खिशाला पेन, बगलेत डायरी, पुण्याचा कागद, दवाखान्यात न्यायचंय, आणि कारण सांगायची मनाई. त्या दिवसांत असा माणूस एकाच कामाला यायचा, नसबंदीला माणसं धरून न्यायला.

हौसराव बाजेवरनं उठला, धोतर झटकलं.

“हे बगा पाव्हणं. ह्या गँगमधी अठरा मानसं हायेत आन् अठरांचं पाय धडधाकट हायेत. गाठबिठ कुनाला न्हाई. आन् पुन्यांदा हितं डायरी घिऊन आला, तर सायकल तेवढी परत जाईल.”

“अवं, त्याच्या भल्याचं हाय...”

“समद्यांच्या भल्याचंच आसतंय. निघा.”

तात्याबा घाम पुसून सायकलवर बसला आणि पाटसच्या बाजूला निघून गेला.

म्हाळू थप्पीमागनं बाहेर आला. हौसरावनं त्याच्याकडं बघितलं, पायाकडं बघितलं, आणि तो पुन्हा बाजेवर पडला. दोन वर्षं ज्याच्या नावानं मनात बोटं मोडली, त्यानं आपल्याला वाचवलं! त्या रात्री जेवताना तो भागुबाईला म्हणाला, “मुकादम मानूस हाय, बरं का.” भागुबाई तव्यावरची भाकरी विसरून त्याच्याकडं बघत राहिली. ह्या माणसाच्या तोंडून कुणाबद्दल इतकं चांगलं तिनं संसारात पहिल्यांदा ऐकलं होतं.

दिवाळीनंतर जखमेच्या कडेला एक भोक पडलं. संक्रांतीला दुसरं, शिमग्याला आणखी दोन. घोटा सुजून गाभण असल्यासारखा दिसायला लागला. हौसराव म्हणायचा, “दौंडच्या डाक्टरकडं जा लेका. मी सांगतो सायेबाला, काटा कामावर असतानाच मोडलाय म्हणून.” म्हाळू म्हणायचा, “बगू.” सकाळी बूट घालायला अर्धा तास लागायचा. चार मैलांच्या ठिकाणी दोनच मैल तो धड चालायचा, उरलेल्या दोन मैलांत हौसराव स्वतः चाव्या ठोकून यायचा आणि वहीत म्हाळूची बीट, म्हणजे त्याच्या हद्दीची रोजची फेरी, पुरी लावायचा. हे म्हाळूला नंतरच कळलं.

एप्रिलात एकदा लायनीवर पाय टेकेना. तेव्हा भागुबाईनं ऐकलं नाही. म्हणाली, “आता रेल्वे ऱ्हाऊ दे न्हाईतर जाऊ दे. चला त्या शिरूरच्या डाक्टरकडं.”

दवाखान्यात तात्याबानं त्याला बघितलं आणि तो जागचा उठून उभाच राहिला. “पवार!” त्याच्या तोंडून निघालं. “अरं कुठं व्हता तू, बाबा?”

आत डॉक्टरांनी पाय मांडीवर घेतला. चारही भोकं बघितली, हाड दाबलं. मग उठून कपाटातनं एक पाकीट काढलं. वर लिहिलेलं होतं, पोपट दगडोबा पवार, कवठे येमाई, आणि त्यावर पोस्टाचा शेरा, ‘या नावाचा इसम मिळत नाही.’

“मी स्वतः गेलो होतो कवठ्याला,” डॉक्टर म्हणाले. “पोस्टमनवर विश्वास बसेना म्हणून. तिथं पोपट तीन निघाले. तिघांना चावडीपुढं बसवून पाय बघितले मी त्यांचे. लोक हसले मला. एकाही पायाला माझा टाका नव्हता.”

म्हाळू पाकिटावरचं नाव बघत राहिला.

“मग वाटलं रेल्वेचा असेल. ह्याला पाठवला, तीनदा पाठवला. कुठं सापडेना.”

“काय व्हतं त्या कागदात?” भागुबाईनं विचारलं.

डॉक्टरांनी भिंगं काढून पुसली. “ह्या रोगाच्या दोन जाती असतात, बाई. एक औषधाला दाद देत नाही. दुसरी देते. ह्यांची दुसरी होती. वर्षभर गोळ्या आणि सुया, बस. तेव्हा हाडाला लागलेलं नव्हतं.”

“आन् आता?”

“आता पुण्याला मोठ्या दवाखान्यात. घोट्याच्या वरनं काढावा लागेल.”

भागुबाई पदर तोंडात कोंबून रडायला लागली. म्हाळूच्या डोळ्यांना पाणी आलं नाही. त्याला ते चित्र दिसत होतं. कवठ्याची चावडी, तीन अनोळखी पोपट, आणि गुडघ्यावर बसून त्यांचे पाय बघणारा हा माणूस. आपण ह्याच्यापासून लपलो. खडीवर उकिडवे बसून, श्वास कोंडून, ह्याच्यापासून लपलो! त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“चिठ्ठी देतो पुण्याची,” डॉक्टर म्हणाले. “नाव काय लिहू?”

“म्हाळू सटवा रणपिसे. की-मन. मूळ गाव राहू.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं. काही विचारलं नाही, रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं म्हाळूला वाटलं.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी सकाळी तो लायनीवर आला, हातोडा आणि निशाणं जमा करायला. हौसराव स्लीपरांच्या थप्पीवर बसला होता, दाढी वाढलेली. त्याला चाळीतनं अर्धी बातमी कळली होती.

“फाटकावर घालत्याल तुला,” तो म्हणाला. “सायेबाशी बोललोय मी. बसून काम. आनफिट म्हंजी घरी न्हाई बसवत आता.”

“व्हय.”

हौसरावनं काडी घेऊन मातीत रेघा ओढल्या. बोलावं की नको असं त्याचं चाललं होतं.

“म्हाळू, एक इचारू? गेल्या साली त्यो सायकलवाला आल्ता. त्यो तुझ्या त्या शिरूरच्या डाक्टरचा मानूस व्हता का रं?”

म्हाळूनं त्याच्याकडं बघितलं. हौसरावचे डोळे तांबारलेले होते. तो चार रात्री झोपला नसावा.

“व्हय,” म्हाळू म्हणाला.

“म्हंजी मी त्याला हाकाललं नसतं तर...”

“तर कायबी झालं नसतं. त्यो निस्ता टाकं काढाया बोलवाय आल्ता. ते भागूनं काढलं व्हतं आधीच.”

“आन् पुन्याचा कागद?”

“त्यात हेच व्हतं. डाक्टर म्हनला, रनपिसे, पहिल्या दिसापास्नं हाडात शिरल्यालं व्हतं. तवा आला आसता तरी पाय कापायलाच लागला आसता. उलट सा-सात महिनं जास्तीचं चाललास.”

“खरं सांगतूस?”

“आता मी कशाला खोटं बोलू, मुकादम?”

हौसरावनं खांद्यावरचा टॉवेल घेऊन तोंड पुसलं, नाक शिंकरलं, आणि मोठा श्वास सोडला. त्यानं ते मानलं होतं. एक शब्द उलटा विचारला नाही, डॉक्टरचं नाव विचारलं नाही. त्याच्या जागी म्हाळू असता तर शिरूरला जाऊन खात्री करून आला असता.

“लय घोर लागला व्हता रं जिवाला,” हौसराव म्हणाला. “बस तू हितं. आजची बीट मी मारतो.”

त्यानं हातोडा खांद्यावर टाकला, निशाणं काखेत मारली आणि तो रुळांच्या मधनं चालायला लागला. चालही आता हलकी झाली होती. म्हाळू थप्पीवर पाय लांब करून बसला. वाकायचं, बघायचं, ठोकायचं, पुढं जायचं. ठण्ण, ठण्ण. आणि मग एक ठोका बद्द वाजला.

“मुकादम!” म्हाळू ओरडला. “ती बसली न्हाई. परत मारा!”

हौसराव थांबला, दोन पावलं मागं आला, आणि त्यानं ती चावी परत ठोकली.